जबडा मोसासॉरचा म्हणून घेतला, निघाला बोंबलाच्या पाव्हण्याचा

आधी स्टार सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना टाइम नाही ते सुटले. दुकानाला एक, वस्तूला अर्धा, एकूण दीड. त्या वस्तूच्या पोटात जे सापडलं त्याला मी पाचपैकी पाच देईन, पण ते दुकानदारानं विकलंच नव्हतं, त्याला माहीतच नव्हतं, त्यामुळं त्याचं क्रेडिट त्याला द्यायचं काही कारण नाही.

तर झालं असं की पोरगा आठवीत, डायनोसॉरचं वेड, वाढदिवसाला सायकल नको फॉसिल पाहिजे म्हणून हटून बसला. ऑनलाइन शोधलं तर एका दुकानात (नाव घेत नाही, उगाच कटकट नको) "ओरिजिनल मोसासॉर जबडा, २ दात, मोरोक्को, ७ कोटी वर्षं जुना" असं दिसलं, लांबी १७ सेंटीमीटर, किंमत ६,५०० वर डिलिव्हरी ३५०. फोटो बघून मी पण पाघळलो. पिवळसर मातीच्या ढेकळात चॉकलेटी हाड आणि त्यातनं वर आलेले दोन चकचकीत दात, बोटाएवढे. बायको म्हणाली अहो एवढ्यात सायकल आली असती, मी म्हटलं सायकल गंजते.

मोसासॉर म्हणजे डायनोसॉर नव्हे, हे पोरानं मला तीनदा सांगितलं. समुद्रात राहणारी सरड्याच्या खानदानातली जनावरं, घोरपडीचे लांबचे नातेवाईक, मोठ्या जाती दहा-बारा मीटरच्या. इचलकरंजीच्या घोरपड्यांशी संबंध नाही, हा जोक आमच्या घरी आठवडाभर चालला, तुम्हाला एकदाच सांगतो. नेदरलँडमध्ये मास्ट्रिख्ट गावाजवळ खडूसारख्या दगडाच्या खाणीत १७६४ ला ह्याची पहिली कवटी मिळाली, नंतर अजून एक चांगली मिळाली ती फ्रेंच सैन्यानं गाव जिंकल्यावर पॅरिसला उचलून नेली. तेव्हा कुणी म्हणे मगर, कुणी म्हणे देवमासा. पेट्रस काम्पर नावाचा मोठा शरीरशास्त्रज्ञ, तो म्हणाला देवमासाच, आणि त्याचाच पोरगा आद्रियान, तो म्हणाला नाही, हे घोरपडीसारखं काहीतरी आहे. पोरगा बरोबर निघाला. ही गोष्ट माझ्या पोरानं मला मुद्दाम दोनदा ऐकवली, का ते कळलंच असेल.

पार्सल सहाव्या दिवशी आलं. पॅकिंग एक नंबर, त्यात खोट काढणार नाही, थर्माकोलचा डबा, आत फोम कापून बरोबर मापाची खोबण, वर बबल रॅप. कुरिअरवाल्या पोरानं डबा हलवून विचारलं, "दादा, दगड मागवलाय काय?" मी जरा रागानंच म्हटलं फॉसिल आहे. आता वाटतं त्याचं उत्तर जास्त बरोबर होतं. सोबत गुळगुळीत कार्डावर सर्टिफिकेट, होलोग्रामचा स्टिकर, खाली सही, पण सही कुणाची ते नाव नाही. आमच्याकडं फौंड्रीत कास्टिंगबरोबर (म्हणजे ओतीव लोखंडी मालाबरोबर) टेस्ट सर्टिफिकेट जातं त्यावर हीट नंबर, म्हणजे कुठल्या वितळणीतला माल ते, असतो, तारीख असते, तपासणाऱ्याचं नाव असतं. ह्याच्यावर नुसतं "१००% ओरिजिनल". तिथंच शहाणं व्हायला पाहिजे होतं.

कारण मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात कास्टिंग इन्स्पेक्शनला आहे, १८ वर्षं झाली. दिवसभर काम काय, तर लोखंडात ब्लोहोल (हवेचा अडकलेला बुडबुडा) आहे का, वाळू अडकलीय का, सांधा नीट भरलाय का हे बघायचं. आणि मला हे ढेकूळ हातात घेऊन चार दिवस काही कळलं नाही, म्हणजे किती पाघळलो होतो बघा. पाचव्या दिवशी पोराच्या टेबलावर ते उलटं पडलेलं दिसलं, मागची बाजू वर, खिडकीतलं ऊन तिरकं पडलेलं. अरे म्हटलं, हे तर कोअर आहे! फौंड्रीत कास्टिंगच्या आत पोकळी राहावी म्हणून वाळूत रेझिन मिसळून ठोकळा, म्हणजे कोअर, मारतात ना, तसाच पोत, सगळे कण एका साइजचे, एकसारखे चिकटलेले, आणि कडेला बोटानं दाबून सारखं केल्याच्या खुणा. निसर्गात एवढं सारखं काही नसतं हो. मोरोक्कोत हे अवशेष फॉस्फेटच्या खाणीतनं निघतात, तिथल्या खऱ्या मातीत बारीक-मोठे गोल दाणे, माशाच्या हाडाचे चुरे, कुठं एखादा शार्कचा चिमुकला दात असा सगळा मिसळीसारखा कारभार असतो, इथं नुसता रवा.

तरी मन मानेना. रविवारी मामा आले, ते वडगावचे, हयात बैलाच्या बाजारात गेली. आता मामांना मोसासॉर काय सांगणार, पोरानं नुसता तुकडा त्यांच्या हातात दिला आणि म्हणाला आजोबा, हा जबडा ओळखा. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, दाताच्या टोकाकडं बघितलंसुद्धा नाही, नख घातलं ते दात आणि हाड जिथं मिळतात तिथं.

"ह्यो जबडा न्हवं रं बाळा."

"का हो आजोबा?"

"दात हिरडीतनं वर येतोय. ह्यो वरनं खुपसलाय, भिताडात खुटी ठोकल्यागत. आन दोन्ही दात पुरंच्या पुरं? आदत न्हाई, दुसा न्हाई, एक पडलाय, एक येतोय, असं कायच न्हाई. कुठलं जनावर हाय हे?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आदत म्हणजे ज्याचे दुधाचे दात अजून पडले नाहीत तो खोंड, दुसा म्हणजे दोन पक्के दात आलेला, मग चौसा, सहादाती, जुळलेला. बाजारात बैलाचा ओठ वर करून वय सांगतात ते ह्याच्यावर, आणि कानस मारून दात लहान दाखवणारे पण असतात म्हणे, मामा अशांना लांबूनच ओळखतात. धर्माच्या गाईला दात का नाहीत असं विचारायचं नसतं, पण ही गाय मी रोख साडेसहा हजाराला घेतली होती, तेव्हा दात बघायचा मला पूर्ण हक्क होता.

नंतर वाचलं तेव्हा कळलं मामांनी नेमकं बोट ठेवलं होतं. बैलाचे दात एकदाच बदलतात, मोसासॉरचे आयुष्यभर बदलत राहायचे. जुन्या दाताच्या बुडाशी आतल्या अंगाला हाड झिजून खळगा पडतो, त्यात नवीन दाताचं टोक तयार होतं, ते वाढत जातं आणि जुना वरचा भाग पडतो. म्हणजे खऱ्या जबड्यात एक दात पुरा, एक अर्धा वर आलेला, एक जागा मोकळी, एकाच्या बुडाला खड्डा, असा सगळा अर्धवट कामाचा माल दिसतो. शोकेसमधल्या दातांसारखी पुरी रांग दिसली की समजायचं कुणीतरी मेहनत घेतलीय. आणि दुसरी गोष्ट, मोसासॉरच्या दाताचं बूड वरच्या टोकापेक्षा मोठं असतं, जाडजूड, स्पंजसारखं भोकाभोकाचं, ते जबड्याच्या हाडाला चिकटून एकजीव झालेलं असतं. वर दिसतो तो चकचकीत भाग म्हणजे नुसती टोपी.

आता मला नाद लागला. गुजरीत एक ओळखीचे सराफ आहेत, त्यांच्याकडं तुकडा घेऊन गेलो, दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी डोळ्याला दहापट लेन्स लावली, तुकडा दिव्याखाली फिरवला आणि म्हणाले, "आम्ही दागिना बघत नाही साहेब, सांधा बघतो." मग मला लेन्स दिली. बघितलं तर दाताच्या बुडाभोवती पिवळट काचेसारखी रेघ, आणि तिच्यात बुडबुडे. गोल, स्वच्छ, ब्लोहोलसारखे! सात कोटी वर्षांच्या समुद्रात फेविक्विक कुठनं आलं. नोटा बघायची निळी टॉर्च होती त्यांच्याकडं, ती मारली तर ती रेघ आणि अर्धी वाळू भुताटकीसारखी पांढरी-निळी चमकली, हाड मात्र मंदच राहिलं. मग शांतपणे दात बघितले. पुढचा दात बाहेरून जरा चपटा, आतून फुगीर, आडवा कापला तर इंग्रजी डी अक्षरासारखा दिसेल असा, दोन्ही बाजूला धार, अंगावर पुसट पैलू, मोसासॉरांमधल्याच मोसासॉरस नावाच्या एका भावकीच्या दाताला शोभेल असा. मागचा एकदम ठेंगणा, जाड, जवळजवळ गोल, तो प्रोग्नॅथोडॉन नावाच्या दुसऱ्याच भावकीतला वाटतो. शिवाय मोसासॉरचे दात मागं घशाकडं वाकलेले असतात, सावज सुटू नये म्हणून, आणि माझा मागचा दात वाकलाय बाहेरच्या बाजूला, म्हणजे हे जनावर जेवताना स्वतःचाच ओठ फाडत असणार. दोन दात, दोन वेगळ्या तोंडातले, एका खोट्या हिरडीत. दात मात्र दोन्ही खरे, हे लक्षात ठेवा, पुढं कामाचं आहे.

जाता जाता, तशी लेन्स गुजरीतच सोनारकामाची हत्यारं मिळतात तिथं साडेचारशेला घेतली. तिला पाच स्टार. साडेसहा हजाराच्या आधी हे साडेचारशे खर्च केले असते तर हा रिव्ह्यू लिहायला लागला नसता.

शेवटचा घाव घातला तो आमच्या डेंटिस्ट मित्रानं. शाळेपासूनचा दोस्त, राजारामपुरीत दवाखाना. रात्री नऊला शेवटचा पेशंट गेल्यावर गेलो. म्हणाला, "भावा, ह्याचं रूट कॅनल करायचं का कॅप बसवायची?" खुर्चीवर टॉवेल टाकून त्यावर तुकडा ठेवला आणि दाताचा डिजिटल एक्सरे काढायचा तो छोटा सेन्सर मागं लावला. पहिले दोन शॉट पांढरेफटक, काहीच दिसेना, मग मशीनचं सेटिंग वाढवून दाताच्या बुडाशी जिथं जाडी कमी आहे तिथं मारला. तिसऱ्या शॉटला दिसलं. दात वरनं झकास, आत पोकळी, आणि बुडाला सरळ कापल्यासारखा संपलेला, खाली काळी फट, मग वाळू. मूळ नाहीच. मित्र म्हणाला, "ही कवळी आहे रे." १८ वर्षं इन्स्पेक्शन करून मी कवळी विकत घेतली.

हे असं का होतं ते मात्र कळून घेण्यासारखं आहे. मोरोक्कोत खुरिब्गा गावाच्या आसपास फॉस्फेटच्या अवाढव्य खाणी आहेत, खताला लागतं ते फॉस्फेट, एकेकाळी तिथं उथळ समुद्र होता. खोदताना मोसासॉर, शार्क, कासव, मगरी, मासे सगळ्याचे अवशेष ढिगानं निघतात. आता एका मोसासॉरच्या तोंडातनं आयुष्यभरात किती दात पडले असतील विचार करा, आणि जबडे मात्र खालचा-वरचा एकेकच. म्हणून सुटे दात स्वस्त, अखंड जबडा महाग. मग सुटे पाच-सातशेचे दात घ्यायचे, खाणीतलीच वाळू, डिंक, पोटात भरायला हाडाचे फुटके तुकडे, की झाला जबडा. खऱ्या मालाचाच बनवलेला खोटा माल. कार्डावर "ओरिजिनल" लिहिणारा तसा अर्धा खराच बोलतो, दात ओरिजिनल आहेत की!

आणि असं फसायला उद्यमनगरातलाच माणूस लागतो असं नाही, शास्त्रज्ञांना पण ह्या मालाची धास्ती असते. २०२१ ला खुरिब्गाकडच्याच खाणीतनं आलेल्या एका जबड्याच्या तुकड्यावरनं झेनोडेन्स नावाचा नवीन मोसासॉर जाहीर झाला, करवतीसारखे एकाला एक लागून दात, जगभर बातम्या. २०२४ ला दुसऱ्या अभ्यासकांनी शंका काढली की एकाच खोबणीत दोन-दोन दात कसे, मोसासॉरमध्ये प्रत्येक दाताला स्वतःची खोबण असते, आणि काही दातांवर बाजूनं हाडासारखं काहीतरी चढलंय ते संशयास्पद आहे, हा तुकडा सीटी स्कॅन करून तपासा. म्हणजे भांडण शेवटी तिथंच येऊन थांबलं जिथं मामांनी नख घातलं होतं. दात कितीही भारी असू दे, बूड बघा.

तर आता ह्याचं करायचं काय? बायको म्हणाली फेकून द्या, पोरगा म्हणाला फोडूया. पोराचं ऐकलं. टेरेसवर, मोकळ्या हवेत, हातमोजे घालून, आजूबाजूला काडी-सिगारेट काही नाही हे बघून, मागच्या बाजूनं ब्रशनं ॲसिटोन लावत बसलो. डिंक असेल तर ॲसिटोननं मऊ पडतो, खरी दगडी माती असेल तर ढिम्म. एका रात्रीत मागची वाळू ओल्या साखरेसारखी सुटायला लागली. कुणी व्हिनेगर सुचवेल तर ऐकू नका, हाड आणि दात फॉस्फेटचे असतात, ॲसिडमध्ये तेच खाल्ले जातात.

आतनं भरणा निघाला. फेटलिंग केल्यावर (वाळू झाडून माल साफ केल्यावर) कास्टिंगच्या पोटातनं काय काय निघतं तसा. कासवाच्या पाठीच्या ढालीचा असावा असा एक चपटा तुकडा, मणक्याची एक फुटकी चकती, बाकी ओळख न पटणारे बरेच कपचे. आणि एक तुकडा असा की हातात घेतल्यावर मी आणि पोरगा दोघंही गप्प. लांबी ४३ मिलिमीटर, रुंदी १६, व्हर्निअरनं मोजलीय. गडद तपकिरी, लांबट, गुळगुळीत हाड, आणि त्याच्या एका टोकाजवळनं एकच दात वर आलेला, तोही ११ मिलिमीटरवर मोडलेला, म्हणून तर फेकलेल्यात गेला होता. लेन्स लावली आणि सगळ्यात आधी सांधा शोधला. सांधाच नाही! हाड कुठं संपतं आणि दात कुठं सुरू होतो हेच कळत नाही, हाडच वर चढत चढत दात होतं, मध्ये खोबण नाही, रेघ नाही, डिंक नाही, निळ्या टॉर्चखाली सगळं एकसारखं मंद. जिभेला लावून बघितलं (हाडाला बारीक भोकं असतात, ती ओल शोषतात म्हणून जीभ चिकटते, रेझिनला नाही चिकटत), मोडलेल्या बाजूला चिकटली. हे बायकोनं बघितलं, त्यावर स्वतंत्र रिव्ह्यू मिळाला.

आता हा जबडा कुणाचा? इथनं पुढं आमचे जिऑलॉजी शिकवलेले एक रिटायर्ड सर आहेत, त्यांना पकडलं. मी घाईघाईत व्हॉट्सॲपवर एक फोटो टाकला, शेजारी दहाचं नाणं. लगेच फोन.

"अहो, तुम्ही फौंड्रीवाले ना? गिऱ्हाइकाला ड्रॉइंग एका बाजूनं देता का?"

"नाही सर."

"मग सहा बाजूंनी काढा. नाणं उचला, पट्टी ठेवा. आणि मोडलेली बाजू सगळ्यात आधी, अख्ख्या बाजूपेक्षा मोडलेली बाजू जास्त बोलते."

पुढं सरांनी एकेक नाव काढून टाकत आणलं ते बघायला मजा आली. शार्क? नाही, शार्कचा जबडा कुर्चेचा, कानाच्या पाळीसारखा, तो सहसा टिकतच नाही, नुसते दात मिळतात, म्हणून हाडात रोवलेला शार्कचा दात कुणी विकत असेल तर तिथनं सरळ बाहेर पडायचं. मगर? मगरीचा दात खोल गोल खोबणीत सुटा बसतो, पडला की भोक राहतं, इथं भोकाचा पत्ता नाही. प्लेसिओसॉर, तो लांब मानेचा? त्याचेही दात खोबणीतले, अंगावर उभ्या रेघा, आणि रांगेनं असतात, इथं शेजारी दुसऱ्या दाताची खूण नाही. मोसासॉर? मग बुडाशी ते जाड स्पंजी बोंड पाहिजे, आणि मोडलेल्या बाजूला हाड जाळीदार दिसायला पाहिजे. इथं मोडीत हाड घट्ट, पातळ, लांबीच्या दिशेनं धाग्यासारखं, चिरलेल्या बांबूसारखं. सर म्हणाले हे सरपटणाऱ्याचं नव्हेच, माशाचं आहे. आणि माशात असा एकच मोठा सुळा, हाडाशी एकजीव, आडवा छेद लंबगोल, पुढच्या कडेला धार, बुडाकडं बारीक उभ्या रेघा, तोही त्या समुद्रातनं, तर एन्कोडस. आणि हे हाड खालचा जबडा पण नाही, टाळूचं हाड आहे, ह्या माशाचा सगळ्यात मोठा सुळा टाळूच्या हाडाच्या पुढच्या टोकाला असतो, दोन्ही बाजूला एकेक.

मी विचारलं जात कोणती. सर हसले. म्हणाले मोरोक्कोच्या फॉस्फेटमधनं एन्कोडस लिबिकस नावाची मोठी जात येते, पण एवढ्या मोडक्या तुकड्यावर ते नाव चिकटवायचं म्हणजे दुकानदारानं केलं तेच आपण करायचं. एन्कोडस म्हणा आणि थांबा. आणि वय? ते तर दुकानदारानंच मारून टाकलं. तिथले फॉस्फेटचे थर क्रिटेशसच्या (डायनोसॉर संपले त्या काळाच्या) शेवटापासून त्यानंतरच्या इओसीन काळाच्या सुरुवातीपर्यंतचे, दोन कोटी वर्षांच्या वरचा हिशेब, कुठल्या थरातनं काढलं ते लिहून ठेवलं तरच वय कळणार. ह्या ढेकळात चार ठिकाणची हाडं एका डिंकात कालवलेली, त्यामुळं शेजारच्या मोसासॉरच्या दातावरनं ह्याचं वय लावायची पण सोय नाही. माल खोटा होता ह्याच्यापेक्षा मला ह्याचंच जास्त वाईट वाटलं. खाणीत ज्या माणसानं ते उचललं त्याला एका चिठ्ठीवर थर लिहायला मिनिट लागलं असतं.

पोरानं सरांना विचारलं आपल्याकडं पन्हाळ्यावर असलं काही मिळेल का. मिळणार नाही, आपल्या पायाखाली बेसाल्ट, लाव्हा थंड होऊन झालेला, समुद्रातलं बघायचं तर कच्छ नाहीतर तमिळनाडूत अरियलूर. पण सर एक गोष्ट बोलले ती पोराच्या डोक्यातनं अजून जात नाही, की आपला हा दख्खनचा लाव्हा जोरात वाहत होता तो साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, आणि मोरोक्कोच्या समुद्रातले शेवटचे मोसासॉर संपले तेही त्याच सुमाराला.

आता बोंबील. एन्कोडसला इंग्रजीत तलवारदाती हेरिंग (हेरिंग हा एक समुद्री मासा) असं टोपणनाव आहे, पण हेरिंगशी त्याचा जवळचा संबंध नाही. बरेच अभ्यासक त्याला ज्या गणात ठेवतात त्याच गणात आपला बोंबील बसतो. हे ऐकल्यावर मी हसून हसून बेजार. सुक्या बोंबलाची जुडी घरात होतीच, त्यातलं एक डोकं लेन्सखाली धरलं, बघाच एकदा तुम्ही पण, आपण भाजून भाकरीबरोबर खातो तेव्हा लक्षच जात नाही, त्या फाटक्या तोंडात सुईसारखे बारीक, मागं वाकलेले दात गच्च भरलेले आहेत. पोरानं बोंबलाचं डोकं आणि एन्कोडसचा तुकडा शेजारी-शेजारी ठेवून, मध्ये पट्टी ठेवून फोटो काढला. सरांना पाठवला. सरांनी पहिल्यांदा अंगठा पाठवला.

सर्व्हिसचं सांगायचं राहिलं. दुकानाला एक्सरे, लेन्सचे फोटो, सगळं पाठवलं. पहिलं उत्तर, "सर सर्टिफिकेट दिलेलं आहे." दुसरं, "सर सगळे कलेक्टर थोडं रिपेअर करतातच." थोडं! रिपेअर म्हणजे मोडलेला दात चिकटवला तर रिपेअर, तो पण सांगून केला तर. तिसरं उत्तर, "सर आपण ॲसिटोन लावल्यामुळे रिटर्न लागू नाही." शेवटी आठ दिवस डोकं खाल्ल्यावर २,००० रुपयांचं कूपन दिलं, तेही त्यांच्याच दुकानात वापरायचं. तो एक स्टार त्या थर्माकोलच्या डब्याला आहे, नीट समजून घ्या.

कुणाला घ्यायचंच असेल तर सुटा दात घ्या, तो स्वस्त पडतो आणि त्यात खोटं करून कुणाला फार फायदा नसतो. जबडा घ्यायचा तर दात जिथं हाडाला मिळतो तिथला जवळचा फोटो आणि मागच्या बाजूचा फोटो आधी मागा, दात सगळे एका उंचीचे असतील तर सोडा, आणि थर किंवा निदान खाणीचं नाव विचारा, उत्तर काय येतंय त्यावरनं माणूस कळतो. एन्कोडसचा तुकडा आता बायकोच्या बांगड्यांच्या डब्यात कापसावर आहे, चिठ्ठीसकट, पोराच्या अक्षरात: एन्कोडस, टाळूचं हाड, मोरोक्को, थर माहीत नाही. दोन खरे दात वेगळ्या डबीत. मामांनी फोनवर विचारलं, काय निघालं रं शेवटी? सांगितलं, मासा. म्हणाले, "म्हटलं न्हवतं, जनावर न्हाई म्हणून!"

कूपन संपवायचं म्हणून परवा त्याच दुकानात बघितलं, नवीन जबडा आलाय, तीन दात, ९,००० रुपये. मेसेज टाकला, मागच्या बाजूचा फोटो पाठवा. उत्तर आलं, "सर मागची बाजू दिसत नाही, शोकेसमध्ये ठेवायची वस्तू आहे."